ड्रमची शेगडी

"करून तर पाहू, बिघडलं तर लोखंडच बिघडन," असं म्हणायचं आणि बाह्या वर सारायच्या, ही आमच्या गल्लीतल्या काकांची सवय. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याला धड काही येत नाही, पण जो कशालाच नाही म्हणत नाही. काका इथल्या स्टील प्लांटच्या ऑफिसातून क्लार्क म्हणून रिटायर झालेले. आयुष्यभर हातात पेन. तरी कॅम्प-१ वस्तीतल्या आमच्या गल्लीतले कूलर आणि सायकली तेच उघडून बसायचे. काही पुन्हा जोडल्याही जायच्या.

कुम्हारीजवळ मोटारसायकल घसरली आणि माझ्या नवऱ्याचा उजवा हात कामाचा राहिला नाही. ठेकेदाराकडचं काम सुटलं. तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. शिफ्टवरून परतणाऱ्यांसाठी संध्याकाळी भरीत-भाकर विकायचं मी ठरवलं. पण घरच्या चुलीवर वांगी भाजणार तरी किती?

काकांच्या कानावर हे गेलं आणि ते कबाड्याकडून एक ड्रम गडगडत घेऊन आले. मला आधी आत तोंड घालून वास घ्यायला लावला.

"खायच्या तेलाचा हाये, पोरी. केमिकलवाला असता तर आणलाच नसता."

वेल्डरकडून त्यांनी तो उभा चिरून आणला. रंग जाळायला अंगणात त्यात लाकडं पेटवली, तर काळा धूर थेट शेजारणीच्या वाळत्या कपड्यांवर. ती भांडायला बाहेर आली, तेव्हा काका दोरीवरच्या तिच्या साड्या काढून घड्या घालत होते. मग तिनेच साडीचं दुसरं टोक धरलं.

जुन्या खाटेच्या पट्ट्यांचे पाय लागले. हवेसाठी भोकं मात्र काकांनी वरच्या कडेला पाडली. कोळसा काही केल्या धरेना. पुठ्ठ्याने वारा घालून ते घामाघूम झाले, मग स्वतःशीच हसले आणि आमच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"भोकं खाली पाडा लागते. ड्रम हालून राहिला. मले दोन हातानं जमून नाही राहिलं, तुहा एक दे."

धीर द्यायला खूप लोक येऊन गेले होते. हात कुणी मागितला नव्हता. नवरा भिंतीकडून वळला. मग उठला. डाव्या हाताने आणि गुडघ्याने त्याने ड्रम दाबून धरला आणि काका भोकं पाडत गेले.

पहिली वांगी बाहेरून करपली, आतून कच्ची राहिली. काकांनी एक अख्खं खाल्लं.

"कच्चं हाये," ते म्हणाले, "पण धूर बराबर लागला."

मग दोघांनी मिळून वांग्यांखालची जाळी थोडी वर घेतली. त्या शेगडीवर आमचं घर उभं राहिलं. वांगी आजही नवराच भाजतो, डाव्या हाताने.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. त्यांच्या घरी चूल पेटणार नव्हती, म्हणून आम्ही जेवण घेऊन गेलो. काकूंजवळ बसून मी म्हटलं, "काकांनी शेगडी बनवून दिली म्हणून आम्ही तरलो."

काकूंनी मान वर केली.

"ह्यांनी? हे तर साऱ्यायले सांगत, शेगडी तुह्या नवऱ्यानं बनवली, मी नुसता ड्रम धरून होतो."

नवरा डबा घेऊन दारात उभा होता. तो तिथेच उंबऱ्यावर बसला.