कडेवरची लेक

हृदयाला जन्मतः छिद्र असलेल्या मुलांवर आमच्या नाशिकच्या इस्पितळात संशोधन चालू होतं. कुणाचं ऑपरेशन लगेच करावं, कुणाला औषधांवर थांबता येईल, हे नीट कळावं म्हणून. याद्या, तारखा, फोन ही कामं माझ्याकडे. प्रत्येक आईला मी एक वही दिली होती. रोज तीन प्रश्न: औषध दिलं का, जेवण गेलं का, दम लागला का.

देवळ्याहून येणाऱ्या एका बाईची वही मी इतरांना नमुना म्हणून दाखवायचे. लेक पाच वर्षांची. चार महिन्यांत एक दिवस कोरा नाही, आणि दमाच्या रकान्यात रोज 'नाही'. ते पाहून डॉक्टर म्हणाले, "हिला अजून वर्षभर थांबवू."

त्या दिवशी फक्त चालण्याची चाचणी उरली होती. मुलगी आईच्या कडेवर, पाय पार तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबलेले.

"खाली सोडा तिला. चालू दे."

"मी हाय ना, मॅडम."

"घरीपण उचलूनच घेता?"

"घरी, कांद्याच्या रानात, अंगणवाडीत. खाली ठेवतेच कुठं? सासू म्हणती, लेक हाय का गाठोडं!"

ती हसली. मला हसू आलं नाही.

मुलगी व्हरांड्यातून उत्साहानं निघाली. तिसऱ्या बाकाजवळ खालीच बसली. फ्रॉकच्या आत छाती भात्यासारखी हलत होती. आईनं धावत जाऊन उचललं, मी डॉक्टरांना हाक मारली.

"मी खोटं नाय लिवलं," आई रडत म्हणाली.

"नाही हो. आम्हीच अर्धं विचारलं."

ऑपरेशन त्याच महिन्यात झालं. त्याआधी मी यादीतल्या सगळ्या आयांना फोन लावले. दिवसातून किती वेळ उचलून घेता? बहुतेकींना प्रश्नच विचित्र वाटला. आजारी लेकरू कुणी चालवतं का, असं एकीनं मलाच सुनावलं. वहीत चौथा रकाना आला.

ऑपरेशननंतरच्या तपासणीला मुलगी फाटकापासून चालत आली, तीही आईच्या पुढं. आत वजनकाट्यावर उड्या मारायला लागली म्हणून सिस्टरनं दटावलं. आई बाहेर बाकावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर उपडे.

"ती आता घेऊच देत नाय, मॅडम. हातांना कसंतरीच होतं."

पुढचं नाव पुकारायचं होतं. मी तिच्याशेजारी बसले आणि तिचा एक हात हातात घेतला.