सायखेड्याच्या खळ्यावर नाशिक पाडलं

साताऱ्याहून पहाटे निघालेली बस दुपारी नाशिकला पोहोचली. माझ्यावर एक कामगिरी होती. धाकट्या बहिणीने, सुनंदाने, फोनवर सांगितलं होतं, की दादा, तू ये आणि यांना समजाव. ऐकलं नाही तर मी तुझ्याबरोबर साताऱ्याला येते. ‘हे’ म्हणजे माझे मेहुणे मधुकरराव. अंबडच्या कारखान्यात रबराच्या साच्यांवर सुपरवायझर, वय पंचावन्न, आणि जपानी राक्षसपटांचे निस्सीम भक्त.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात शिरलो तर सोफ्यावर शेपूट होतं. नऊ फूट लांब, काळंहिरवं, रंग ओला. बेडरूममध्ये दोन पाय उभे होते, त्यामुळे सुनंदा तीन आठवडे हॉलमध्ये जमिनीवर झोपत होती. दाराशी तिची भरलेली बॅग मी पाहिली. मधुकररावांनी बहुधा पाहिली नव्हती. त्यांनी मला चहाबरोबर एक सिनेमा दाखवला.

कथा अशी. समुद्राच्या तळाशी एक कायजू (अवाढव्य राक्षसी प्राणी) झोपलेला असतो. माणसं त्याला उठवतात. तो शहरात येऊन इमारती पाडतो. पांढऱ्या कोटातले शास्त्रज्ञ आभाळाकडे बघत गंभीर बोलतात, लष्कर रणगाडे पाठवतं, रणगाडे चिरडले जातात, आणि पुढच्या सिनेमात लष्कर पुन्हा रणगाडेच पाठवतं. कायजूच्या आत घामेजलेला माणूस असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. उडणाऱ्या मोटारीला बांधलेली दोरी दिसली, तेव्हा मधुकररावांनी टाळ्या वाजवल्या. मी समजावायला सुरुवात केली, तर त्यांनी हातानेच मला गप्प केलं. पडद्यावर पूल पडायचा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यासारख्याच राक्षसपटवेड्यांच्या मंडळाचं शूटिंग होतं. सकाळी मिसळ खाल्ली आणि टेम्पोत राक्षसाचे अवयव भरून आम्ही सायखेड्याच्या रस्त्याला लागलो. सुनंदाही मांडीवर एक मोठी झाकलेली पिशवी घेऊन बसली. डबा असेल, असं मला वाटलं. वाटेत एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुरांडी दिसली, तसे मंडळातले दोघे हळवे झाले. पाडायला याहून देखणं काय असणार, असं त्यांचं म्हणणं.

गोदावरीकाठच्या एका शेतात, रिकाम्या कांदाचाळीशेजारच्या खळ्यावर त्यांनी पुठ्ठ्याचं नाशिक उभं केलं होतं. प्रत्येक सभासदाने आपल्याला पडलेली बघायची आहे ती इमारत आणायची, असा नियम. बँक होती, दोन शाळा होत्या, एका वकिलाने कोर्ट आणलं होतं. बारा जाणती माणसं राक्षसाच्या पाठीवर काटे सतरा हवेत की एकोणीस यावर तासभर भांडली. दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं.

शेतमालक रामभाऊ माझ्याशेजारी उकिडवे बसून हे बघत होते. “आठ दिस झाले, गाव बांधतेत,” ते म्हणाले. “आज मोडणार म्हंत्यात. मला काय लय कळलं नाय. पण मानसं निर्व्यसनी हायेत.”

शेवभाजी आणि भाकरी खाऊन मधुकरराव राक्षसात शिरले. ऊन रणरणत होतं. रामकुंडाजवळचं एक लॉज त्यांनी झकास पाडलं, बँकेकडे वळले आणि उभ्याउभ्या कोसळले. आम्ही धावलो. राक्षसाची चेन उघडून त्यांना बाहेर ओढलं तर चेहरा लालभडक, डोळे मिटलेले. सुनंदाने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओला टॉवेल ठेवला. थोड्या वेळाने डोळे उघडून ते पुटपुटले, “बँक राहिली.” तिने हात काढून घेतले.

ऊन उतरायच्या आत शूटिंग संपवायला हवं होतं, आणि मधुकररावांच्या उंचीचा तिथे मीच होतो. मी नाही म्हटलं. कुणी ऐकलं नाही. आत रबराचा आणि केसांच्या तेलाचा वास होता, बघायला राक्षसाच्या गळ्यातली दोन भोकं. बँकेवर पाय ठेवला. पुठ्ठा कडकन मोडला, आणि मला लाज वाटावी इतका आनंद झाला. शाळा पाडली, कोर्ट पाडलं. वकील रडत होता.

मग भोकांतून सुनंदाची साडी दिसली. तिने पिशवीतून पुठ्ठ्याची एक इमारत काढून माझ्या पायांपुढे ठेवली. तीन मजले, कापलेल्या खिडक्या, वरच्या गॅलरीत दोऱ्याची वाळत घालायची दोरी. झाडाखालून मधुकररावांनी मान उचलली. काम सुबक झालंय, कुणी केलं, असं त्यांनी विचारलं.

“मी केलंय. आपलीच बिल्डिंग आहे,” ती म्हणाली. “त्यात तुम्हाला माणूस ठेवायला जागा पुरत नाही ना.” आणि माझ्याकडे वळून शांतपणे, “दादा, पाय दे.”

कॅमेरा चालूच होता. मी मधुकररावांकडे बघितलं. ते इमारतीकडे बघत होते, गॅलरीकडे. मी पाय दिला.

संध्याकाळी परत निघताना मधुकररावांनी शेपूट, पाय, धड सगळं रामभाऊंच्या कांदाचाळीत ठेवायला लावलं. कुणी सांगितलं नव्हतं. टेम्पोत ते सुनंदाला हळूच म्हणाले, की खिडक्यांचं माप तिने अगदी बरोबर धरलं होतं. मला वाटलं, आता ही उतरून चालायला लागणार. ती खिडकीबाहेर बघत हसली. घरी गेल्यावर तिने बॅग उघडून साड्या कपाटात लावल्या. क्षमा केली की फक्त मुक्काम वाढवला, ते मी विचारलं नाही.

परतीच्या बसमध्ये माझे गुडघे ठणकत होते. ज्यांना मी समजवायला गेलो होतो त्यांना मी चार शब्दही सांगितले नव्हते. ही खुळी माणसं वर्षातून एकदा पुठ्ठ्यावर राग काढतात. आम्ही शहाणी माणसं तो रोज जेवणाच्या ताटावर काढतो आणि त्याचं चित्रीकरणही होत नाही. साताऱ्यात उतरून चालत घराजवळ आलो. समोर आमची चार मजली सोसायटी उभी होती. चेअरमन गॅलरीत उभे राहून, जाताना माझ्याकडून पाण्याची मोटर चालू राहिली होती म्हणून वरूनच ओरडू लागले. मी मान वर करून ऐकून घेतलं, आणि पहिला पाय कुठे ठेवावा लागेल याचा अंदाज घेत जिना चढलो.