सान्यांच्या पिकअपमागचं घर

मस्कतमध्ये ट्रेलर जोडण्यात माझा हात धरणारा माणूस नाही. कुणालाही विचारा! फक्त फंजा गावच्या लोकांना विचारू नका. मी आयुष्यात जोडलेला पहिला ट्रेलर पाण्याच्या टाकीचा होता, आणि फंजाच्या उतारावर तो मला ओव्हरटेक करून पुढे गेला. आरशात बघतोय तर मागे काही नाही. समोर बघतोय तर आपलाच ट्रेलर! पुढच्या वळणाला मी वळलो, तो नाही वळला. सरळ खजुराच्या बागेत शिरला. बागेचा मालक शांतपणे म्हणाला, "मी पाणी मागवलं नव्हतं."

गॅरेजच्या कोपऱ्यात नटबोल्टचा एक डबा असतो बघा. मुद्दाम कुणी भरत नाही, पण जेव्हा बघावं तेव्हा भरलेला. किश्श्यांचं तसंच आहे. रुवीत आमच्या गॅरेजच्या मागे एका मल्याळ्याचं चहाचं हॉटेल आहे. शुक्रवारी सकाळी आम्ही मराठी मंडळी तिथे टेकतो, आणि कुणी ना कुणी डब्यात एक बोल्ट टाकून जातो. त्यातले सगळ्यात जास्त बोल्ट साने साहेबांचे. खरं सांगायचं तर साने साहेबांचा डबाच वेगळा ठेवावा लागला!

* * *

साने साहेब पुण्याचे, एका मोठ्या कंपनीत हिशेबाचे साहेब. मी देवगडकडचा, नववीत मास्तरांनी आणि मी एकमेकांना सोडलं. पण साहेब मला 'तात्या' म्हणतात आणि शेजारी बसून चहा पितात. माणूस सोन्यासारखा, फक्त नियमाचा फार. चहावाला "दो मिनिट" म्हणाला की हे घड्याळ बघतात.

त्या वर्षी साहेबांची मुलगी मुक्ता बारावी झाली. ऑगस्टात वहिनी तिला घेऊन कायमच्या पुण्याला चालल्या होत्या, तिच्या कॉलेजसाठी. साहेब इथे एकटेच राहणार. तेव्हा वहिनींनी ठणकावून सांगितलं, "इतकी वर्षं सुट्टी म्हणजे पुणे, आणि पुणे म्हणजे तुमच्या मावश्यांकडचे पोहे. जायच्या आधी एकदा आपण तिघं कुठेतरी जाऊ. जुलैत सलालाला. तिथल्या पावसाने डोंगर हिरवे झालेले मला बघायचेत. या वर्षी नाही तर मग राहिलंच ते."

साहेब विरघळले. लगेच हॉटेल बघायला लागले.

"हॉटेल सलालात," वहिनी म्हणाल्या. "आणि मधल्या हजार किलोमीटरचं काय? पेट्रोल पंपावरच्या संडासात मी पाय ठेवणार नाही. माझा संडास माझ्याबरोबर पाहिजे!"

म्हणजे कॅरॅव्हॅन. चाकांवरचं घर. आणि ते ओढायला गाडी. बायकोच्या प्रेमापोटी लोक काय काय घेतात, आमच्या साहेबांनी आधी पिकअप घेतली. म्हणजे संडासाच्या आधी संडास ओढणारा!

* * *

पिकअप अमेरिकन, सेकंडहँड, आठ सिलिंडरची. पेट्रोल पाण्यापेक्षा स्वस्त होतं तेव्हाची गोष्ट, त्यामुळे आठ सिलिंडरचं कुणाला काही वाटत नसे. या गाड्यांना तिकडे 'हाफ टन' म्हणतात. झालं, शुक्रवारी चहावर परिषद भरली.

एसीचं काम करणारा आमचा परब म्हणाला, "हाफ टन म्हणजे अर्धा टन ओढणार. कॅरॅव्हॅन विसरा. वहिनींना एक खुर्ची बांधून द्या मागे."

मी म्हटलं, "परब, तू एसीत तोंड घाल. आठ सिलिंडर आहेत. हत्ती ओढेल हत्ती!"

साने साहेब उठले, ड्रायव्हरचं दार उघडलं आणि दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाकून वाचायला लागले. "तात्या, ओढायला ही साडेतीन-चार टन ओढेल. प्रश्न ओढण्याचा नाही, अंगावर घेण्याचा आहे. ट्रेलरचं तोंड हुकावर बसतं, त्याचा भार पिकअपवर येतो. ट्रेलरच्या वजनाच्या दहा-पंधरा टक्के. त्यात आपण बसणार, मागे सामान येणार. हे सगळं मिळून सातशे किलो. बास."

"म्हणजे हत्ती ओढता येईल," परब म्हणाला, "पण हत्तीचं डोकं मांडीवर घेता येणार नाही."

साहेब म्हणाले, "बरोबर." परब त्या दिवसापासून स्वतःला इंजिनियर समजतो.

* * *

पहिली कॅरॅव्हॅन बघायला गेलो ती केवढी म्हणून सांगू! आत सोफा, दोन बेडरूम, दोन एसी आणि भिंतीत चक्क शेकोटी. विजेची. जून महिना, बाहेर पत्र्यावर पापड भाजले जातील असं ऊन, आणि विकणारा पोरगा आम्हाला शेकोटी लावून दाखवतोय! परब घाम पुसत म्हणाला, "चला, आत बसून उन्हाची आठवण तरी होणार नाही."

वहिनींना मात्र ते घर पसंत पडलं. संडास स्वतंत्र, वर खिडकी. साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी विचारलं, "भाई, मेरी पिकअप पे इसका बोझ कितना आएगा?"

पोरगा म्हणाला, "सर, आराम से खींच लेगी. इन्शाल्ला."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. "इन्शाल्ला कितना किलो?"

पोरगा हसला, आम्ही हसलो. साहेब उत्तराची वाट बघत उभे!

शेवटी जोडूनच बघू म्हटलं. ट्रेलरचं तोंड हुकावर टेकलं मात्र, पिकअप मागच्या पायांवर कुत्रं बसतं तशी बसली. पुढची चाकं जमिनीला नुसती नमस्कार करत होती. दोन्ही हेडलाइट आभाळाकडे. मी म्हटलं, "साहेब, रात्री लावू नका. विमानं उतरतील!"

परतीच्या वाटेवर वहिनी खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाल्या, "मग मी विमानाचीच तिकिटं बघते. पुण्याची."

* * *

दुसरी मिळाली रुस्ताकला. हमूद नावाचा म्हातारा ओमानी, त्याच्या अंगणात लहानशी कॅरॅव्हॅन उभी. पण रुस्ताकला जाऊन वस्तू लगेच बघता येते होय! आधी कहवा, म्हणजे त्यांची कडू कॉफी, मग खजूर, मग हलवा, मग त्याच्या भावाकडचा कहवा. साहेबांनी वजन विचारायला तोंड उघडलं की हमूद त्यात एक खजूर घालायचा.

मग त्याची चौकशी सुरू झाली. "बायका किती?"

"एक," साहेब म्हणाले.

"मुलं?"

"एक."

हमूदने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, डॉक्टर ठेवतो तसा. "मग छोटी पुरे."

आत वहिनींची तपासणी सुरू. गॅसची शेगडी ठीक, बिछाने ठीक. संडासाला हात लावायच्या आधी त्यांनी नवऱ्याला पुढे केलं. "तुम्ही आत जाऊन बघा. दार लावून घ्या. वळता येतं का सांगा."

साहेब आत गेले, दार लावलं. दाराला बाहेरूनही एक खिट्टी होती. आता बाहेरून खिट्टी असलेलं दार दिसलं आणि मी गप्प बसलो, असं कधी झालंय का? हळूच सरकवली!

आतून आवाज आला, "वळता येतंय." मग "बसता येतंय." मग जरा वेळाने, "बाहेर येता येत नाहीये."

मी सांगितलं, "कुलूप अडकलंय साहेब, हलू नका." हमूदचं आख्खं घरदार गोळा झालं. कुणी दार ठोकतंय, कुणी सुचवतंय, एका पोराने तर खिडकीतून आत खजूर दिले. आणि साहेब आतून, घाम गाळत, मोठ्याने हिशेब करत होते. "रिकामी एवढी... पाण्याची टाकी भरली तर एवढी... तोंडाचा भार अडीचशे धरू... तात्या! ही चालेल! ही आपल्या पिकअपला चालेल!"

माणूस संडासात कोंडला गेलाय आणि आनंदाने ओरडतोय! मुक्ता मोबाइलवर शूटिंग करत म्हणाली, "आई, बाबा इज सो हॅपी इन देअर. त्याला राहू दे."

मी खिट्टी काढली. हमूदने दार दोनदा उघडझाप करून बघितलं आणि साहेबांना म्हणाला, "गुड दार. स्ट्राँग. खलास, घेऊन जा."

वहिनींनी फक्त माझ्याकडे बघितलं. त्यांना खिट्टी दिसली होती.

* * *

घ्यायचं झालं, पण मागे न्यायचं कसं? ट्रेलर लावून रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं असतं. साने साहेबांचं आयुष्य सरळ गेलेलं. एका शुक्रवारी मोकळ्या मैदानात सराव ठेवला. मी मागे उभा राहून हात करतोय, आणि जिथे डावा करायचा तिथे मधूनमधून उजवा करतोय. तेवढी गंमत नको का माणसाला! ट्रेलर घडीच्या चाकूसारखा मिटायचा. साहेब उतरायचे, बघायचे, कपाळ पुसायचे, पुन्हा चढायचे.

मुक्ता मैदानाच्या कडेला बसून सूचना देत होती. "बाबा, तू उलटा कर! नाही, उलट्याचा उलटा!"

तेवढ्यात पोलिसांची गाडी थांबली. तरुण पोलीस उतरला. साहेबांनी लायसन्स, मुल्किया म्हणजे गाडीचं कार्ड, रेसिडेंट कार्ड, सगळं पत्त्यांसारखं पसरून धरलं. त्याने बघितलंसुद्धा नाही. "यल्ला, उतर," म्हणाला, स्वतः बसला आणि एका हाताने ट्रेलर आम्ही आखलेल्या जागेत असा घातला, जसं खणात ताट.

उतरून विचारलं, "कुठे निघालात?"

"सलाला," वहिनी म्हणाल्या.

त्याने साहेबांकडे बघितलं, मैदानातल्या चाकांच्या रांगोळीकडे बघितलं, आणि वहिनींना म्हणाला, "मॅडम, बस पण जाते."

* * *

निघायच्या आदल्या दिवशी साहेब म्हणाले, "कागदावर बसतंय. पण भरल्यावर बसतंय का ते काट्यावर बघायचं. बसलं तर उद्या निघू. नाही बसलं तर मी सलालाच्या डोंगरउतारावर बायको-मुलीला घेऊन जाणार नाही. ट्रिप रद्द." बोलताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. विमानाची पुण्याची तिकिटं तोवर आलेली होती, पुण्याला न्यायच्या सामानाची खोकी घरात बांधून ठेवलेली होती. दुसरी तारीख नव्हती.

वजनकाटा अल मवालेहच्या भाजी मार्केटकडे. कांद्याच्या ट्रकांमागे आम्ही लाइनीत उभे राहिलो. सगळे आत बसलेले. साहेब, वहिनी, मुक्ता आणि मी. म्हणजे मीही येणार हे मी गृहीतच धरलं होतं. उतारावर ट्रेलरचे ब्रेक कोण सांभाळणार? माझी बॅग, माझी गादी आणि फिशिंगचे दोन गळ मी सकाळीच मागे टाकले होते.

काट्यावरच्या माणसाने विचारलं, "माल क्या है? प्याज? आलू?"

साहेब म्हणाले, "फॅमिली."

त्याने मशीनकडे बघितलं. "फॅमिली का बटन नहीं है."

शेवटी 'मिक्स भाजी'त बसवलं आम्हाला. पिकअपची चाकं काट्यावर, ट्रेलरची बाहेर, म्हणजे हुकावरच्या भारासकट पिकअपचं वजन कळतं. वर मोठ्या बोर्डावर लाल आकडे पळाले आणि थांबले. साहेबांनी दारातलं स्टिकर बघितलं, बोर्ड बघितला, पुन्हा स्टिकर बघितलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"किती?" वहिनींनी विचारलं.

"शंभरेक किलो. जास्त."

मागे कांद्याचा ट्रक हॉर्न मारतोय. मुक्ता हळूच म्हणाली, "सो... नाही जायचं?"

वहिनींनी पदराने चष्मा पुसला. एरवी ओढणी नाहीतर कुर्ता असतो त्यांचा, त्या दिवशी प्रवासाची तयारी बघायला म्हणून मुद्दाम नवी साडी नेसल्या होत्या.

आता मी असताना ट्रिप रद्द होते काय! मी म्हटलं, "थांबा साहेब. बायकांनी सामान भरलंय ना, तिथेच घोळ आहे. मी काढतो!" टुणकन उतरलो, म्हणजे माझ्या देहाला जेवढं टुणकन जमतं तेवढं, आणि मागचा पत्रा उघडला. डब्यांच्या खाली चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. उचललं तर उचलेना. सोडून बघतो तर काय, पाटा! दगडी पाटा, वरवंट्यासकट! हजार किलोमीटर लांब, चाकांवरच्या घरात!

दोन्ही हातांनी पोटाशी धरून, काट्यावरून खाली येऊन मी तो अख्ख्या मार्केटला दाखवला. "बघा साहेब! वहिनी दगड घेऊन निघाल्यात सलालाला! तिथे डोंगर कमी पडतात म्हणून!" कांदेवाले हसले, काटेवाला हसला. मी आणखी फुगलो. वर बोर्डाकडे बघितलं, तर आकडा झरकन खाली आलेला. स्टिकरच्या आत!

"आला की नाही खाली!" मी ओरडलो. "म्हटलं नव्हतं मी? सगळं वजन या पाट्याचं!"

वहिनी खाली उतरल्या. माझ्या हातातून पाटा घेतला, चादरीत नीट गुंडाळला, जिथे होता तिथे ठेवला. त्यावर वरवंटा. मग माझी बॅग, माझी गादी आणि फिशिंगचे गळ एकेक काढून माझ्या पायाशी ठेवले. पत्रा लावला, पुन्हा जागेवर जाऊन बसल्या आणि दार ओढून घेतलं. बोर्डावरचा आकडा स्टिकरच्या आतच होता.

काटेवाला माझ्याकडे बघत होता. कांदेवाले माझ्याकडे बघत होते. मी खिडकीशी जाऊन म्हटलं, "अहो वहिनी, दगड नेताय आणि माणूस ठेवताय?"

वहिनींनी काच जरा खाली केली.

"तात्या, दगडावर चटणी तरी वाटता येते."