जाग्यावरचा कॉम्प्युटर

कोणतीही नवी वस्तू दुकानात आली की तो ती आधी दोन्ही हातांनी उचलून बघायचा. सहज उचलली गेली की त्याचा चेहरा पडायचा. "उचलता आली का गेली समजा, भाऊ. वस्तू जाग्यावर बरी," म्हणत तो सुतळी शोधायला लागायचा. त्याच्या फोटो स्टुडिओत पेन टेबलाला बांधलेलं, कंगवा आरशाला बांधलेला आणि गिऱ्हाइकाचं स्टूल जमिनीला ठोकलेलं. घरभर माणसांचा फोटो काढायचा असला तरी स्टूल हलायचं नाही, माणसांनीच त्याच्याभोवती सरकून घ्यायचं.

कोहमाऱ्याच्या चौकात माझं झेरॉक्सचं दुकान त्याच्या स्टुडिओला लागून होतं. मध्ये नुसता पत्रा, त्यामुळे त्याच्याकडचं सगळं मला ऐकू यायचं. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. चौक त्याला जीव लावणारा बाप म्हणतो, आणि घरातलं माणूस मात्र दार कुठे आहे ते बघत असतं.

लग्नाचं शूटिंग तो करायचा, मिक्सिंग, म्हणजे ते कापून-जोडून वर गाणी टाकणं, त्याची मुलगी. शाळेत असल्यापासून ती त्या कॉम्प्युटरवर बसली होती. आपल्याकडे प्रत्येक लग्नात एखादे फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, रुसतातच. ही पोरगी रुसण्याआधीचं त्यांचं हसू शोधून ते पंगतीत आणून टाकायची. डीव्हीडी पाहिल्यावर आपण न जेवता उठलो होतो हे फुफाजीसुद्धा विसरायचे.

बारावीनंतर तिला नागपूरला ॲनिमेशनच्या कोर्सला प्रवेश मिळाला. स्वतःचं मशीन लागेल, असं कोर्सवाल्यांनी सांगितलं होतं. त्याच उन्हाळ्यात स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर बसला. लोडशेडिंग असं, की मिक्सिंग संपत आलं की लाईट जायची आणि सगळं पहिल्यापासून. पोरीने बापाला नीट समजावलं. घरात दोन मशीन येणार नाहीत, तर मोठ्या स्क्रीनचा, ताकदीचा लॅपटॉप एकच घ्यायचा. कोर्स त्यावर होईल, लग्नसराईत ती तो घेऊन गावी येईल, आणि लाईट गेली तरी काम अडणार नाही. यात खोट काढायला जागाच नव्हती.

तरी बाप चौकभर विचारत फिरला. ढाबेवाल्याला विचारलं, एसटीच्या कंडक्टरला विचारलं. "लॅपटॉप घेऊ का डेस्कटॉप?" समोरचा लॅपटॉप म्हणाला की याचं सुरू, "गरम होते म्हणतात. बिघडला तर पार्ट भेटत नाई." ते खोटं नव्हतं, म्हणून तर चीड यायची.

"पोट्टी नागपूरले जाऊन राहिली ना, भाऊ?" मी एकदा म्हणालो. "मग तिले नेता येईल तेच घ्या."

तो सुतळीचा गुंडा करत बसला.

गोंदियाला मशीन घ्यायला गेलो तेव्हा त्याने मला सोबत नेलं. दुकानदाराने भला मोठा लॅपटॉप समोर ठेवला. "ले जाइए भैया, स्टुडिओवाले सब यही ले जा रहे हैं." त्याने तो दोन्ही हातांनी उचलला, सावकाश, नेहमीसारखा.

"वजनी आहे," तो म्हणाला. मला वाटलं, जमलं.

मग त्याने तो खाली ठेवला. "पर उचलते," म्हणाला, आणि कोपऱ्यातल्या डेस्कटॉपकडे बोट केलं.

पोरगी घरात राहावी म्हणून तो जड वस्तू निवडत होता. मला त्याचा इतका राग आला की परतताना मी गाडीत मागे खोक्यांजवळ जाऊन बसलो.

खोकी उतरली तेव्हा पोरगी दारातच उभी होती. तिने आधी मॉनिटरच्या खोक्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

"बाबा, हे मी नागपूरले कशी नेऊ?"

"कायले नेतेस? इथंच कर ना."

ती रडली नाही. वायरी तिनेच जोडल्या, कारण कोणती कुठे लावायची हे त्याला माहीत नव्हतं. नागपूर राहूनच गेलं, आणि पुढे स्टुडिओ जोरात चालला. नवेगाव बांधपासून गिऱ्हाइकं यायची, आणि हा सांगायचा, "पोरीच्या हाताले गुण आहे." पत्र्याच्या अलीकडे मी दातओठ खायचो.

मग त्यानेच तिचं लग्न ठरवलं. स्थळ जबलपूरकडचं. नागपूर लांब वाटलेल्या या माणसाला जबलपूर लांब वाटलं नाही. शूटिंगही स्वतःच केलं, दुसऱ्याच्या हातात कॅमेरा द्यायला तयार नव्हता. पण मिक्सिंग कोण करणार? मांडवपरतणीला पोरगी माहेरी आली, आणि मेंदीच्या हातांनी स्वतःच्याच लग्नाची डीव्हीडी करायला बसली. मी चहा घेऊन गेलो होतो.

"काका, बाबा कुठंच नाईत," ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली.

खरंच. सगळ्या लग्नात बाप कुठेच दिसत नव्हता, तो कॅमेऱ्यामागे होता. फक्त बिदाईच्या वेळी, ती गाडीकडे निघाली तेव्हा, मागून त्याचा आवाज आला होता. "थांब बाई. जराशी जाग्यावर उभी राय." आवाज फाटलेला होता.

कॅमेऱ्यामागचे आवाज काढून वर गाणं टाकायचं, ही मिक्सिंगची रीतच आहे. तिने तो तुकडा एकदाच ऐकला. मग आवाज काढला, गाणं टाकलं, आणि पुढच्या शॉटवर गेली. माझा चहा कपातच निवला.

त्यानंतर ती क्वचितच आली. स्टुडिओचं काम आटलं. कॉम्प्युटर जागचा हलला नाही, आणि त्यावर डीव्हीडी लावण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. तो एकच डीव्हीडी लावायचा, तिच्या लग्नाची. बिदाई आली की उठून स्पीकरला कान लावायचा आणि आवाज वाढवायचा. गाणं साऱ्या चौकाला ऐकू जायचं.

एकदा मी वैतागून, आवाज कमी करा, हे सांगायला गेलो. त्याने हाताने मला थांबवलं.

"इथं मी बोललो होतो, भाऊ," तो म्हणाला. "गाण्याच्या खाली असंन."