पुढचं खासगी आहे

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. पुड्यांचा दोरा घरात साठतो तसे ते साठतात. टाकवत नाहीत म्हणून राहतात. बडोद्यात मांडवीजवळ भरणाऱ्या आमच्या बायकांच्या दुपारच्या वर्गात यंदा असा पुष्कळ दोरा साठला. गेल्या पाडव्याला कडुनिंबाचा पाला चावता चावता आमच्या शिक्षिका यमुताईंनी प्रत्येकीला विचारलं होतं, "या वर्षात काय करणार?" आम्ही भाबडेपणानं सांगून बसलो. आता दुसरा पाडवा आलाय, तर कुणाचं काय झालं ते सांगते.

*

आधी माझंच. मी लग्न होऊन साताऱ्याहून बडोद्याला आलेली. शेजारच्या जसोदाबेनशी गुजरातीत बोलायचं, असं मी ठरवलं होतं. पहिल्या दिवशी त्यांच्याकडे तासभर बसले. ‘केम छो’पासून सगळं नीट पार पडलं. निघाले, तर त्या दारापर्यंत येऊन म्हणाल्या, "आवजो, बेन."

एवढ्या आग्रहानं बोलावतायत, तर नाही कसं म्हणायचं? परत आत जाऊन बसले. थोड्या वेळानं उठले, पुन्हा "आवजो". पुन्हा बसले. तिसऱ्या खेपेला त्यांनी हात टेकले आणि पाट मांडला. "हवे जमीने ज जजो."

जेवूनच घरी आले. ‘आवजो’ हा निरोप असतो, आपलं ‘या हं’ असतं तसा, हे सासूबाईंनी सांगितलं. वर म्हणाल्या, "बरं झालं, ‘बेसो’ म्हणाल्या नाहीत. मुक्कामच केला असतास."

*

यमुताईंनी स्वतः ठरवलं होतं, वर्षभर रागवायचं नाही. राग आला की इंग्रजीत दहापर्यंत मोजायचं, असं त्यांच्या भावानं सुचवलेलं. आमच्यातल्या सगळ्यात वडील माई ‘घ’ला ‘ध’ म्हणाल्या की यमुताई डोळे मिटून सुरू करायच्या, "वन, टू, थ्री..."

श्रावण लागेपर्यंत आम्हा सगळ्यांना इंग्रजी आकडे तोंडपाठ झाले. घ आणि ध जिथल्या तिथे होते.

*

माईंची साठी उलटून गेलेली. त्यांना नदीपलीकडे अकोट्याला बहिणीकडे जायचं होतं, तेही एकटीनं, बरोबर पुरुषमाणूस न घेता. मुलं नको म्हणत होती. माई छत्री आणि चिवडा घेऊन निघाल्या. विश्वामित्रीच्या काठावर एका ओंडक्याशेजारी टेकल्या आणि पुडी सोडली. दोन घास झाले असतील, तोच ओंडका सरकत सरकत पाण्यात गेला.

"मग तुम्ही काय केलंत हो?" आम्ही विचारलं.

"काय करायचं? मगर गेली होती की. उरलेला चिवडा खाल्ला."

*

आता सगुणा. तिचा नवरा सरकारी पलटणीत, दोन वर्षं झाली दूर समुद्राकाठी ओखामंडळात होता. महिन्याकाठी त्याचं पत्र यायचं, ठसठशीत बाळबोध अक्षरात. पण सगुणाला अक्षरओळख नाही आणि सासूलाही नाही, म्हणून वाचायला समोरचे तात्या. ते ओट्यावर बसून, खाकरून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचत. हवापाणी, पलटणीची खुशाली, आईला नमस्कार. मग शेवटच्या चार ओळींशी थांबत, मनातल्या मनात वाचत, गालात हसत आणि पत्र घडी करून तिच्या हाती देत. "पुढचं खासगी आहे."

चोवीस पत्रं तिनं ट्रंकेत जपून ठेवली होती. पाडव्याला तिनं एवढंच सांगितलं होतं, "मला ते पुढचं वाचायचंय." सासूनं वर्गाला यायला एका वर्षाची परवानगी दिली होती. पास झाली तर पुढे शिकायचं, नाहीतर पाटी चुलीत. सगुणासारखी मन लावून शिकणारी आमच्यात दुसरी नव्हती. तिच्याकडे बघून मला कधी कधी माझीच लाज वाटायची.

*

गेल्या आठवड्यात परीक्षा झाली. इन्स्पेक्टरसाहेब आले, पागोटं सावरत खुर्चीवर बसले आणि एकेकीला उभं करून पुस्तकातला एकेक धडा मोठ्यानं वाचायला लावू लागले. माईंनी ‘घर’ अगदी नीट वाचलं. यमुताईंना भरून आलं.

सगुणाची पाळी आली. तिनं पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि गप्प झाली. मी शेजारून डोकावले. धड्याचा पहिलाच शब्द होता ‘राम’. तिच्या नवऱ्याचं नाव रामराव. देवाच्या आरतीतसुद्धा ती तेवढा शब्द गिळायची.

"येत नाही का वाचता?" साहेबांनी विचारलं.

सगुणानं मान हलवली, येतं म्हणून.

"मग वाचा."

पुरुषासमोर खुलासा करायचा तरी कुणी आणि कसा? साहेबांनी पेन्सिल उचलली. यमुताई पुटपुटू लागल्या, "वन, टू..."

धडा असा होता: राम, ऊठ. राम, दूध पी. राम, घरी ये.

सगुणानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, बोट ओळीवरून सरकवलं आणि खणखणीत वाचलं,

"अहो, उठा."

साहेबांनी पुस्तकात पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"अहो, दूध प्या."

माई फिसकन हसल्या. मागच्या बायकाही हसल्या. सगुणाचं बोट तिसऱ्या ओळीवर गेलं आणि तिथेच थांबलं. हसणं आपोआप बंद झालं.

"अहो," तिनं हळूच वाचलं, "घरी या."