फरशी पुसायचं फडकं

बोंडअळीच्या त्या वर्षात औषधाचा वास आमच्या घरातून हलायचं नाव घेत नव्हता. नवरा दिवसभर कपाशीवर फवारणी करून यायचा. लेक आठ महिन्यांची, नुकती रांगायला लागलेली. तिचे तळहात आणि गुडघे लाल झाले, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, तेव्हा तिला कळंबला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, फवारणीचं औषध अंगावरून घरात येतं, बाजेला, दाराच्या कडीला, फरशीला बसतं. तिथून कातडीला लागतं, आणि रांगतं पोर तर हात तोंडात घालणारच.

माझा जीव थाऱ्यावर राहीना. त्यात मी मूळची तापट. नवऱ्याला बजावलं, आंघोळ गोठ्यापाशी, कपडे तिथंच, घरात पाऊल नाही आणि पोरीला हात तर मुळीच नाही. बिचारा अंगणात जेवायचा, दारातून तिला चुटक्या वाजवून दाखवायचा. ती त्याच्याकडे झेपावली की मी मागे ओढायची. आणि फरशी! दिवसातून चार-चार वेळा पुसत होते. तरी तिचे हात लालच.

"खरं सांगा, पोरीले हात लावला ना तुमी?"

"तुही शपथ, नाही लावला."

माझा त्या शपथेवरही विश्वास बसला नाही. त्या दिवशी त्याला नको नको ते बोलले.

राखीला नणंद आली. मी पोरीला पाजत होते म्हणून तिनंच पुसायला घेतलं, आणि फडकं नाकाशी नेऊन थांबली.

"वहिनी, हे फडकं कायचं हाय वो? औषधाचा वास येऊन राह्यला."

नवऱ्याचा फवारणीचा जुना सदरा होता तो. आमच्यात फाटकं कापड कोणी फेकत नाही, ते पुसायला जातं. उन्हाळ्यात मीच फाडून ठेवला होता. धुऊन धुऊन विटलेला, म्हणून मला स्वच्छ वाटायचा. म्हणजे कोपरा न् कोपरा विष मीच फिरवत होते, रोज, घासून घासून. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

फडकं लांब नेऊन पुरलं, फरशी साबणानं घासून काढली. हळूहळू पोरीचे हात निवळले.

मग तिला घेऊन अंगणात गेले. नवरा आंघोळ करून बसला होता. त्याला सगळं सांगितलं, माझं चुकलं म्हटलं, आणि पोरीला त्याच्या मांडीवर द्यायला वाकले. त्यानं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"राहू दे," तो म्हणाला. "माह्या हाताचा भरोसा नाही."