हॅलोमावशींचा मुठीएवढा गड्डा

उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लाइनी जोडण्यात गेला, म्हणून गल्लीत तिचं नाव हॅलोमावशी पडलं. स्वतःच्या दिराशी मात्र ती अख्खा हिवाळा बोलली नव्हती.

भांडण मागच्या अंगणाचं. घर दोघांच्या नावावर, राहत होती ती एकटी. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या दिराला अंगणात फरशी घालून गाडी लावायची होती. भांडणाच्या भरात तो म्हणाला की वहिनींच्या हातून कधी गवत तरी उगवलंय का. झालं. उन्हाळ्याआधी गड्ड्याचा लेट्यूस काढून दाखवते, नाही निघाला तर खुशाल फरशी घाला, असं तिनं ठोकून दिलं. लेट्यूसच का, तर बियांचं पाकीट हाताशी होतं! जावेनं लगेच मुदत म्हणून फेब्रुवारीचा शेवटचा रविवार ठरवून टाकला.

पहिलं बी तिनं वालासारखं बोटभर खोल पुरलं. एक उगवेल तर शपथ. या बीला उजेड लागतो, असं पाकिटावर लिहिलेलं होतं. पण वाचतो कोण, तोंडावर आपटेपर्यंत? दुसऱ्या खेपेला बी एका ट्रेमधल्या मातीवर नुसतं भुरभुरलं, तळहातानं दाबलं आणि ट्रे उजेडात पण गार जागी ठेवला. रोपं उगवली ती खचाखच. विरळणी करायला तिचा हात धजेना. भल्याभल्यांची लाइन मध्येच तोडणारी बाई दोन पानांच्या रोपापुढे गळपटली. सगळी ठेवलीस तर एकही गड्डा धरणार नाही, असं शेजारणीनं दटावलं, तेव्हा कुठे तिनं दातओठ खात उपटली आणि मोजकीच राखून अंगणातल्या वाफ्यात वीत-वीत अंतरावर लावली. गड्डे धरू लागले.

आणि रविवार तोंडावर असताना ऊन तापलं. गुरुवारी सकाळी एका रोपाचा मधला भाग टोकदार होऊन वर आलेला. दांडा चढतोय, शेजारीण म्हणाली, आता हे फुलावर जाणार आणि पानं कडूजहर होणार. तिनं जुनी चादर बांधून सावली केली, पाणी शिंपडलं. दुपारी आणखी एकानं टोक काढलं. बाकीचे गड्डे जेमतेम मुठीएवढे. रविवारपर्यंत थांबावं तर सगळंच हातचं जाणार. आज कापून फ्रिजमध्ये ठेवावं तर दीर म्हणणार, बाजारातून आणलाय.

उपाय एकच होता आणि तो तिला गिळवत नव्हता. दोनदा फोन उचलून ठेवला. तिसऱ्यांदा लावला.

“भाऊजी, रविवारचं आज करा.”

“का? जळालं वाटतं सगळं?”

झणझणीत उत्तर जिभेवर आलं होतं. तिनं ते परतवलं. “अजून नाही. उद्या जाईल. तुमच्या डोळ्यांदेखत कापायचंय.”

बघतो म्हणून त्यानं फोन ठेवला. उन्हं कलली तरी त्याचा पत्ता नाही. ती वाफ्याशी अशी उभी, की जणू नजर हटली तर दांडा वितभर वाढेल.

शेवटी जावेला घेऊन तो आला. कोणी कोणाला ‘बसा’ म्हटलं नाही. तिनं सगळ्यात घट्ट गड्डा मातीलगत कापला, फळीवर ठेवून मधोमध चिरला. आत पानावर पान दाबून बसलेलं. दांडा अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठा नव्हता. दिरानं एक फोड बोटांनी दाबून पाहिली. मग आतलं पान तोंडात टाकलं आणि चघळतच राहिला.

“कोबीचं पिल्लू आहे हे.”

“गड्डा आहे की नाही, तेवढं सांगा.”

“आहे.” त्यानं दुसरं पान उचललं. “पण जरा कडसर आहे, वहिनी.”

“तुमच्यावर गेलाय.”

जाऊ फिस्सकन हसली. दीर तोंड फिरवून कुंपणाशी गेला आणि मिस्त्रीला फोनवर सांगू लागला की फरशीचं काम नाही करायचं. त्याचं बोलणं संपायच्या आत दोघी जावा वाफ्यात वाकल्या होत्या. उरलेले गड्डे अंधाराआधी कापायला हवे होते.